'मंगोल' हा शब्द बोईसरला कसा आला

बोईसरच्या माझ्या फुफीचा धाकटा मुलगा डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला, त्याला आता तीस वर्षे झाली. तेव्हा एका डॉक्टरांनी "मूल मंगोल आहे" एवढेच सांगितले. फुफीला चंगेजखान आठवला. पुढचे नातेवाइकांनी ठरवले. कोणी तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे बोट दाखवले, कोणी एमआयडीसीच्या धुराकडे. बाकीच्यांचा निकाल एकच: चुलतभावाशी निकाह केला, मग काय होणार!

हा शब्द लंडनजवळच्या अर्ल्सवूड आश्रमातून आला. तिथले डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली मतिमंद मुलांची वंशांप्रमाणे वर्गवारी केली आणि एका गटाला 'मंगोलियन' म्हटले. युरोपियांच्या पोटी खालच्या वंशाचे मूल येते, असा त्या काळचा समज. एका अख्ख्या कौमेचे नाव व्यंगाला चिकटले आणि शंभर वर्षे कोणाला खटकले नाही. किरणोत्साराचा शोध १८९६ चा, म्हणजे ही मुले त्याच्याही आधीची. अणुवीज केंद्र तर १९६९ चे.

खरे कारण १९५९ साली पॅरिसमध्ये कळले. मार्थ गोतिए यांनी पेशी वाढवून दाखवल्या, नाव मात्र जेरोम लेज्यून यांचे झाले. गुणसूत्रे ४६ ऐवजी ४७ होती. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन. त्यावरची जनुके बिघडलेली नसतात, जास्तीची असतात. बहुधा बीजपेशी तयार होताना जोडी सुटत नाही, आणि आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते. फुफी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. नात्यातल्या लग्नाने काही आजारांचा धोका वाढतो हे खरे, कारण एकच सदोष जनुक दोन्हीकडून येऊ शकते. हा त्यातला प्रकार नाही. फुफांना मात्र तो टोमणा मरेपर्यंत ऐकावा लागला.

पुढे गुणसूत्राचा लहानसा तुकडा कमी-जास्त झाला तरी बुद्धीची वाढ अडू शकते, हेही कळले. बाविसाव्या गुणसूत्रातला एक तुकडा गळणे हे त्याचे ठळक उदाहरण. २००४ मध्ये आणखी एक गंमत उघड झाली: धडधाकट माणसांतही असे तुकडे कमी-जास्त असतात. प्रतींचा हिशेब आपल्यापैकी कोणाचाच तंतोतंत जुळत नाही.

१९६५ साली मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेला सांगून ते नाव काढायला लावले. मुंबईत तर १९४४ सालीच वकील दांपत्याने आपल्या अशाच मुलीसाठी शाळा काढली होती, ती आजची जय वकील शाळा. बोईसरहून मुंबई लोकलने दोन-अडीच तास. फुफीला त्या शाळेचे नाव कळले तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा झाला होता.