तारेचे दुसरे काम

तार कशासाठी असते, असे वर्गात विचारले तर ‘वीज किंवा संदेश वाहून नेण्यासाठी’ असे उत्तर येईल. ते बरोबरच आहे. पण तार आणखी एक काम गुपचूप करीत असते. ते कोणते, हे मोबाइल व संगणक यांच्या जोडणीच्या इतिहासातून चांगले समजते.

मोबाइलवरील ॲप बहुधा संगणकावर लिहितात. ते फोनवर चालवून चुका शोधणे व दुरुस्त करणे याला डिबगिंग म्हणतात. अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन २००८ मध्ये विक्रीस आला. या प्रणालीत डिबगिंगसाठी एडीबी नावाचा दुवा असतो. संगणकाने हुकूम द्यायचा व फोनने तो पाळायचा : ॲप बसव, काढून टाक, फाइल पाठव. म्हणजे दुवा जुळला की फोनचा बराचसा ताबा संगणकाकडे जातो.

सुरुवातीला हा दुवा मुख्यतः यूएसबी तारेने जोडत. फोन व संगणक एकाच टेबलावर असल्याने तिसरा मध्ये येणार कोठून? ओळख पटविण्याचे काम तारच करीत होती. पण फोन परक्या संगणकाला जोडला गेला तर? म्हणून २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.२.२ पासून प्रत्येक संगणकाची आरएसए पद्धतीची सांकेतिक किल्ली फोनच्या मालकाने मान्य करण्याची अट आली.

हाच दुवा वाय-फायवरूनही जोडता येई. त्यासाठी आधी तारेने एक हुकूम द्यावा लागे. मग फोन ५५५५ क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, संगणकाची वाट पाही. काही उत्पादकांनी मात्र हे दार उघडे ठेवूनच उपकरणे विकली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘एडीबी मायनर’ ही उपद्रवी आज्ञावली याच दारातून हजारो उपकरणांत शिरली आणि मालकाच्या नकळत त्यांना मोनेरो हे आभासी चलन मिळविण्याच्या आकडेमोडीला जुंपू लागली. तार गेली, पण तिचे दुसरे काम कोणाकडेच सोपवले नव्हते.

ते सोपवले गेले २०२० मध्ये, अँड्रॉइड ११ मध्ये. आता फोनच्या पडद्यावर सहा अंकी संकेतांक दिसतो व तो संगणकावर टाइप करायचा असतो. येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील : असे संकेतांक १० लाखच, संगणक ते सहज तपासून पाहील! याचे उत्तर १९९२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टीव्हन बेलोविन व मायकेल मेरिट यांनी शोधले होते. त्यांच्या पद्धतीत छोट्या संकेतांकाच्या आधारे दोन्ही बाजू एक मोठी गुप्त किल्ली तयार करतात. संकेतांक स्वतः हवेतून जातच नाही. चोरून ऐकलेल्या संदेशांवरून घरी बसून अंदाज पडताळता येत नाहीत. प्रत्येक अंदाज फोनलाच विचारावा लागतो, आणि तो चुकला की फोनला कळते. मिशेल अब्दल्ला व डेव्हिड प्वांशवाल यांनी २००५ मध्ये मांडलेली ‘स्पेक-२’ ही याच कुळातील पद्धत अँड्रॉइडने वापरली.

संकेतांक वाचायला फोन डोळ्यांसमोर असावा लागतो. ‘हे दोघे एकाच टेबलावर आहेत’ ही तारेने दिलेली ग्वाही आता सहा अंक देतात. मात्र काम संपल्यावर आपण तार काढून ठेवत होतो. तसेच डिबगिंगही आठवणीने बंद करावे.