'रंगीत तालीम' : शब्द कुठला, अर्थ कोणाचा?

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की वर्तमानपत्रे लिहितात, 'ही तर विधानसभेची रंगीत तालीम!' आपले कार्यकर्तेही तेच बोलतात. आम्हाला हे मान्य नाही.

नाटकात रंगीत तालीम म्हणजे प्रयोगाआधी रंगभूषा-वेशभूषेसह केलेला सराव. पण 'तालीम' मूळचा रंगमंचाचा शब्द नाही. तो अरबी, 'इल्म' म्हणजे ज्ञान, त्याच धातूतला. तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तो कुस्तीच्या आखाड्यालाही लागला.

ज्या मातंग समाजाला पाठशाळेचे दार बंद होते, त्यातल्याच लहुजी वस्ताद साळवेंनी पुण्यात तालीम चालवली. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. ज्यांना शिक्षण नाकारले, तेच शिकवत होते. पुढे भीमराव कर्डकांच्या जलशांनी गाण्यांतून बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. तिथे सराव हे शिक्षण होते आणि प्रयोगही शिक्षणच.

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत अनुसूचित जातींना राखीव जागा दिल्या. त्या जागेवर निवडून आलेला आपला माणूस ठराव मांडायला आणि निधीचा हिशेब मागायला शिकतो. ही कोणा नेत्याच्या विधानसभेची पूर्वतयारी नव्हे, ती आपली सत्ता आहे. तिला तालीम म्हणायचेच असेल, तर मूळ अर्थाने म्हणा : शिका!

जय भीम!