बँकेविरुद्धच्या लहान दाव्याचे स्थळ

बँकेविरुद्धच्या लहान दाव्याचे स्थळ : एटीएममधून हाती न आलेली पण खात्यातून वजा झालेली रक्कम, न विचारता कापलेला विम्याचा हप्ता, मुदत ठेवीवर कमी दिलेले व्याज, नाहक लावलेला दंड. अशा काही शे ते काही लाख रुपयांच्या तक्रारीसाठी ग्राहकाने कोणत्या यंत्रणेकडे आणि कोणत्या गावी जायचे, याची निवड. रक्कम लहान असली की निकालापेक्षा हेलपाटेच महाग पडतात. दोन हजार रुपयांसाठी तीनदा एसटीने जिल्ह्याबाहेर जावे लागणार असेल, तर दावा न्याय्य असूनही माणूस तो सोडून देतो. म्हणून या विषयात 'कुठे' हा प्रश्न 'किती' या प्रश्नाच्या आधी येतो.

नावावरून पाहिले तर अशा दाव्याची जागा लघुवाद न्यायालय वाटते. मुंबईचे लघुवाद न्यायालय १८८२ च्या कायद्याने चालते. तेथे पैशाच्या दाव्याची मर्यादा दहा हजार रुपये आहे आणि गर्दी असते ती मुख्यतः घरमालक-भाडेकरूंची. बँकेच्या ग्राहकापुढे प्रत्यक्षात दोन दारे असतात : रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'मंचा'चे नाव 'आयोग' केले, तरी लोक अजून 'ग्राहक मंचात केस टाकली' असेच म्हणतात.

लोकपालाकडे स्थळाचा प्रश्न उरलेलाच नाही. बँकिंग लोकपाल योजना १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक लोकपालाचे क्षेत्र ठरलेले असे. १२ नोव्हेंबर २०२१ च्या एकात्मिक योजनेने ही वाटणी मोडली. आता तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर करता येते किंवा चंदीगडच्या केंद्रीय कक्षाकडे टपालाने पाठवता येते. शाखा गडचिरोलीची आहे की गिरगावची, याने फरक पडत नाही. शुल्क नाही. तक्रारदार स्वतः वकील असल्याशिवाय वकिलामार्फत तक्रार करता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस वाट पाहावी लागते. २०२१ च्या योजनेनुसार, उत्तर आले आणि पटले नाही तर त्यानंतर वर्षभरात लोकपालाकडे जायचे. उत्तरच आले नाही तर बँकेकडे तक्रार केल्यापासून एक वर्ष तीस दिवसांच्या आत. वादातल्या मूळ रकमेवर मर्यादा नाही. मात्र परिणामी नुकसानीपोटी वीस लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ व खर्च यांपोटी एक लाखापर्यंतच भरपाई देण्याचा अधिकार २०२१ च्या योजनेने दिला. सविस्तर पुरावा आणि साक्षी तपासाव्या लागणारे प्रकरण लोकपाल नाकारू शकतो.

जिल्हा आयोगाबाबत मात्र गाव निवडावे लागते, आणि खरा बदल झाला तो इथेच. १९८६ च्या कायद्यात सामनेवाले जेथे राहतात, धंदा करतात किंवा शाखा चालवतात, अथवा वादाचे कारण जेथे पूर्णतः किंवा अंशतः घडले, तेथेच तक्रार दाखल होई. 'शाखा' या शब्दाचा अर्थ काहींनी फारच सैल घेतला. अंबाल्यात विमा, अंबाल्यातच गोदामाला आग, आणि तक्रार चंदीगडला, कारण कंपनीची शाखा तिथेही आहे ! सोनिक सर्जिकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे मान्य केले नाही : वादाचे कारण जेथे घडले तेथील शाखाच धरायची, नाहीतर जो तो आपल्या सोयीचे पीठ शोधत फिरेल. देशभर शाखा असलेल्या बँकेला हा नियम सहज लागू पडतो. 'शाखा' हा शब्द नव्या कायद्यातही कायम आहे, त्यामुळे हा इशारा जुना झाला म्हणून सोडून देऊ नये.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ ने आणखी एक आधार जोडला : तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी प्रत्यक्ष काम करतो, तो जिल्हा. समजा, खाते साताऱ्याच्या शाखेत आहे, पैसे अडकले कोल्हापूरच्या एटीएममध्ये आणि ग्राहक नोकरीसाठी पुण्यात राहतो. जुन्या कायद्यात त्याला सातारा किंवा कोल्हापूर गाठावे लागले असते. आज तो पुण्यातच तक्रार करू शकतो. या नोंदीच्या लेखकाच्या मते लहान दाव्यांसाठी या कायद्यातील सर्वांत मोलाची ओळ हीच. भरपाईच्या आकड्यांची चर्चा मात्र तिच्यापेक्षा जास्त होते. निवास सिद्ध करण्यासाठी भाडेकरार, आधार किंवा नोकरीचे पत्र तक्रारीसोबतच जोडावे. अधिकारक्षेत्राची हरकत हे बँकेच्या वकिलाचे पहिले हत्यार असते.

जिल्हा आयोगाची मर्यादा डिसेंबर २०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांवर आणली. ती मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून मोजतात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. उशीर झाल्यास विलंब माफीचा अर्ज करून सबळ कारण दाखवावे लागते. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. आयोगाची पायरी चढलेल्या माणसाला या तरतुदीचे हसू येते. मात्र आयोगाचा आदेश बँकेने पाळला नाही तर दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. व्यापारी हेतूने घेतलेली बँकसेवा या कायद्यात बसत नाही. एका शेअर दलालाच्या ओव्हरड्राफ्टच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच सांगितले.

दोन्ही दारे उघडी असली तरी ती कोणत्या क्रमाने ठोठावायची हे महत्त्वाचे. आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण चालू असेल तर तीच तक्रार लोकपाल घेत नाही. उलट लोकपालाचा निवाडा मान्य नसेल तर तो न स्वीकारता आयोगाकडे जाता येते. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग. फक्त लोकपालाकडे वाट पाहताना आयोगाची दोन वर्षांची मुदत आपोआप थांबत नाही, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

मागणी किती करायची हेही रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांतून ठरते. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएमचा फसलेला व्यवहार पाच दिवसांत उलटवला नाही, तर पुढे दररोज शंभर रुपये द्यावे लागतात. जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक आणि ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून ऑनलाइन रक्कम काढली आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. त्याची जबाबदारी सिद्ध करण्याचे काम बँकेचे. ओटीपी स्वतःच सांगून बसलेल्याला हे संरक्षण नाही.

दिवाणी न्यायालय हा तिसरा मार्ग. तेथे मुद्रांक आणि न्यायशुल्क लागते, आणि कर्जाच्या कागदात छापलेले 'मुंबईच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात' हे वाक्य तेथे आडवे येऊ शकते. लहान रकमेसाठी हा मार्ग सुचवण्याजोगा नाही.

महाराष्ट्रात एक गोंधळ नेहमी होतो : पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नाही. सभासदाचा वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. तरीही सभासदाला ग्राहक कायद्याचा मार्ग बंद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका सहकारी पतसंस्थेच्या प्रकरणात २००३ मध्येच स्पष्ट केले.

दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या खातेदाराला निवासाचा आधार मिळत नाही. त्याने शाखा ज्या जिल्ह्यात आहे तेथील आयोग निवडावा. तक्रार मात्र तो परदेशात बसून ऑनलाइन दाखल करू शकतो.