‘पुढचा भाग आहे का?’

पुण्यात पेठेतल्या एका लायब्ररीच्या काउंटरवर मी चौतीस वर्षं बसले, आणि या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘बाहेर गेलाय’ हेच उत्तर दिलं. १९७८ साली लागले तेव्हा आमच्याकडे दोन खोल्या, एक पोटमाळा आणि खाकी कव्हरं घातलेली सात-आठ हजार पुस्तकं होती. नारायण धारपांचा कप्पा होता, पण तो कप्पा नुसता नावाला. पुस्तक परत आलं, की मी तारखेचा शिक्का मारेपर्यंत समोरचा माणूस त्याच्यावर हात ठेवून उभा असे. फळीवर जायला त्याला उसंतच मिळायची नाही.

शनिवारी संध्याकाळी खरी गर्दी. आपलं पुस्तक बदलून झालं तरी मंडळी हलायची नाहीत. दुसऱ्याच्या हातातलं पुस्तक बघून ‘हे नका नेऊ, त्यापेक्षा ते न्या’ सांगायचं, हा त्यांचा धर्म. सल्ला कुणी मागितलेला नसे. धारपांची दुकानात ओळख भयकथावाले अशी, पण समर्थांच्या गोष्टी घेणारे भिण्यासाठी घेत नसत. काळ्या शक्तींशी झुंजणारा एक विलक्षण सामर्थ्याचा पुरुष, आणि हे सगळं सांगणारे आपल्यासारखेच प्रापंचिक अप्पा जोशी. बँकेतले एक गृहस्थ नवख्यांना सांगत, “आधी अप्पांशी गट्टी करा, समर्थ आपोआप कळतील.”

पंचाईत एकच. यातलं आधी कुठलं आणि नंतर कुठलं, हे पुस्तकावर कुठे छापलेलं नसे. कोणता क्रम धरायचा हे वाचकांनीच ठरवलेलं, आणि त्यावरून वाद. मी शेवटी वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर एक यादी केली आणि काचेखाली सरकवली. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी काच उचलून त्यात दोन नावांची अदलाबदल केली होती. पेन्सिलीनं, पण अक्षर ठाम.

अद्भुताचं हे वेड काही धारपांपासून सुरू झालं नाही. पुण्यात लोक वर्गणी भरून वाचायला लागले ते १८४८ सालच्या नगर वाचन मंदिरापासून, आणि वाचायला लागल्यावर त्यांना काय हवं झालं? कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितानं अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणल्या. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. रिसबुडांची प्रस्तावना मला फार आवडते, कारण बिचारे आधीच कबुली देऊन मोकळे झालेत. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आमच्या लोकांची लग्नं लहानपणीच ठरलेली, रोजचं जगणं सरळसोट. ते तसंच लिहिलं तर त्यात रंजक काय सापडणार? मग अद्भुताचा हात धरण्यावाचून इलाज काय? चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशीनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून असल्या अशक्य कोटीतल्या गोष्टींचा समाचार घेतला. मराठीतली कादंबरीची टीका तिथून सुरू होते म्हणतात. म्हणजे पहिल्या टीकेचा पहिला आसूड अद्भुतावरच पडला. आमच्या काउंटरवर मात्र त्याचा वळ कधी दिसला नाही.

आमच्या पोटमाळ्यावर त्या पुढच्या पिढीचा माल होता. दातारशास्त्री, म्हणजे गोविंद नारायणशास्त्री दातार, यांची ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’. आणि नाथमाधवांची १९१३ सालची ‘वीरधवल’. नाथमाधव सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले आणि कमरेखालून लुळे झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचत गेले, आणि वाचता वाचता लिहायला लागले. ही हकिगत मला एका ऐंशीच्या घरातल्या आजोबांनी सांगितली. ते दर पावसाळ्यात ‘वीरधवल’ न्यायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, “बसून राहिलेल्या माणसानं लिहिलंय हो, म्हणून त्यातले घोडे एवढे धावतात.” आमची प्रत इतकी जाड, की बाइंडरनं दाभण चालेना म्हणून मधोमध कापून तिची दोन पुस्तकं केली. तेव्हापासून पूर्वार्ध एकाकडे आणि उत्तरार्ध दुसऱ्याकडे. दोन अनोळखी घरांची त्यावरून ओळख झाली, आणि पुढे भांडणही.

आमच्या कमिटीचं धोरण मात्र वेगळं. सरकारी अनुदान मिळवायचं, ग्रंथालयाचा सरकारी वर्ग टिकवायचा, तर खरेदीची यादी भारदस्त दिसली पाहिजे. दरवर्षी बैठकीत कुणीतरी सदस्य घसा साफ करून विचारी, असल्या पुस्तकांवर पैसे का घालायचे? मी रजिस्टर पुढे सरकवायची. त्याच सदस्यांच्या नावावर धारपांची ‘लुचाई’ तीनदा गेलेली असे. “घरच्यांसाठी नेतो,” ते म्हणत. घरची माणसं मी पाहिली होती. ती ज्ञानेश्वरी न्यायची.

आता समासांबद्दल. पुस्तकात लिहिल्यास दंड, अशी पाटी माझ्या डोक्यावरच लटकत होती. सुरुवातीची दोन वर्षं मी दुपारच्या निवांत वेळेत खोडरबर घेऊन बसायची. पण खोडण्याआधी वाचावं लागतं ना! ‘रात्री एकट्याने वाचू नये.’ त्याखाली दुसऱ्या हाताने, ‘मी वाचले. काही झाले नाही.’ त्याखाली तिसऱ्याने, ‘नंतर दिसला नाहीस?’ एका ठिकाणी नुसतं, ‘पान ९२ पासून सावकाश.’ खोडरबर मी खणात टाकलं ते टाकलंच. वर्तमानपत्रात या पुस्तकांवर परीक्षण क्वचितच यायचं. काय होतं ते परीक्षण इथे होतं, आणि लिहिणाऱ्याला दंडाची भीती असल्यामुळे त्यात फापटपसारा नव्हता.

मी २०१२ मध्ये निवृत्त झाले, तरी शनिवारी जात राहिले. तोवर इंग्रजी मालिका मराठीत येऊ लागल्या होत्या. हॅरी पॉटर आलाच, आणि मुग्धा कर्णिकांनी टॉल्किनचा अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं केला. हे शीर्षक मी स्वतः चार जणांना गळ्यात बांधलं. दोघांनी शंभराव्या पानावर परत केलं. त्यांना पहिली शंभर पानं ओलांडून द्यायची होती, ते माझं चुकलं.

२०१८ मध्ये ‘तुंबाड’ चित्रपट आला आणि कॉलेजची मुलं धारपांची ‘आजी’ ही कथा शोधत आली. दिग्दर्शक राही बर्वे यांना ती पहिल्यांदा पुस्तकात भेटलीच नव्हती. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं रात्री तोंडी सांगितलेली. चित्रपटाचं नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. बँकेतले गृहस्थ असते तर म्हणाले असते, पुस्तकं अशीच फिरतात. पण ते नव्हते, आणि आमच्याकडची ‘आजी’ही नव्हती.

जुनी पुस्तकं रद्दीत काढली त्या दिवशी ‘समर्थांचिया सेवका’ची आमची प्रत मी किलोच्या भावानं विकत घेतली. पाठीवरचा कपडा उसवलाय, दाखल नंबर अर्धा पुसलाय. शेवटच्या पानाखाली तीन हातांची तीन अक्षरं आहेत. पहिलं विचारतं, ‘याच्या पुढचा भाग कोणता?’ दुसरं सांगतं, ‘बाईंची यादी चूक आहे, काचेखाली पेन्सिलीने लिहिलेली बघा.’ आणि तिसरं, शाईनं: ‘तो भाग सहा महिने झाले वाड्यात वरच्या मजल्यावर आहे. जिन्यातून हाक मारा, देतील.’