‘चि.’ची वेलांटी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराची मागची खोली म्हणजे ‘मिक्सिंगची खोली’. हे लग्नांच्या शूटिंगला जायचे आणि मिक्सिंग मी करायची. एडिटिंग हा शब्द रायपुरात तेव्हा फारसा कोणी वापरत नसे. मुलीकडचे दारात उभे राहून विचारायचे, “वहिनी, मिक्सिंग झालं का?” 1991 साली मी त्या खोलीत बसले, ती पुढची पंचवीस वर्षं तिथेच होते. तेवढ्या काळात यंत्रं बदलली, सॉफ्टवेअरं आली आणि गेली. नवी आवृत्ती येणार असं कळलं की दर वेळी आमच्या मनात नव्या आशा असायच्या. त्यांतली एक आशा सगळ्यांत साधी होती आणि तीच सगळ्यांत उशिरा पुरी झाली. तिच्यासाठीच हे लिहिते आहे.

रायपूरला टीव्ही लवकर दिसला. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांना कार्यक्रम दाखवले गेले. त्यांतली मध्य प्रदेशातली गावं रायपूरच्या पट्ट्यातली होती. पाठोपाठ 1977 मध्ये शहरात दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं. कित्येक मोठ्या शहरांच्या आधी इथल्या माणसांनी पडदा पाहिला होता. त्यामुळे व्हीएचएस कॅमेरे आले तेव्हा आपल्या घरचं कार्य टीव्हीवर दिसावं, ही हौस इथे तयारच होती.

आमचा पहिला मिक्सर यांनी नागपूरहून, सीताबर्डीतून आणला. छत्तीसगढ एक्स्प्रेसमध्ये रायपूरपर्यंत मांडीवर धरून. एका व्हीसीआरमध्ये शूटिंगची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. इकडे प्ले, तिकडे रेकॉर्ड, नको तिथे पॉज. मध्ये एखादा प्रसंग राहून गेला, तर तिथपासून पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे. उतरवलेल्यावरून परत उतरवलं की रंग फुटायचे, शालूचा लाल रंग नवरीच्या हनुवटीवर ओघळल्यासारखा दिसायचा. त्या काळातली आमची मागणी एकच होती: मधलं बदलता यावं आणि चित्र खराब होऊ नये.

मराठी घरं आमच्याकडे यायची त्याला कारण होतं. इथली बहुतेक लग्नं रात्रीची. अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास तर एका रात्रीत गावभर वराती. बाकीच्या शूटिंगवाल्यांचा हात त्या लग्नांवर बसलेला. आपली लग्नं मात्र दिवसाच्या मुहूर्तावर, आणि सगळा जीव अंतरपाट खाली येण्याच्या त्या एका क्षणात. नवख्या माणसाला ते ठाऊक नसे. मंगलाष्टका चालू असताना तो पाहुण्यांचे चेहरे टिपत राही आणि अक्षता पडून गेलेल्या असत. हे तो क्षण कधी चुकवत नसत, आणि मीही तो कधी कापला नाही.

कॅसेटच्या सुरुवातीला नावं लागत. काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या पोस्टर कलरने ती आमच्या सासूबाई लिहायच्या. कार्ड भिंतीला टेकवायचं, दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे, कॅमेरा स्टँडवर ठेवून दहा सेकंद घ्यायचे. ‘चि. सौ. कां.’ लिहिताना त्या ‘चि’ची वेलांटी एका झोकात वळवून घ्यायच्या. लग्नाची मराठी पट्टी ‘चि.’ शिवाय सुरूच होत नाही. वर चिरंजीव आणि वधू चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी.

2002 साली घरात कॉम्प्युटर आला, सोबत मिनीडीव्ही कॅमेरा आणि फायरवायर कार्ड. पहिली मागणी एका झटक्यात पुरी झाली. आता टाइमलाइनवर मधलं काढा, मधे घाला, चित्राला धक्का नाही. नव्या अडचणी मात्र आल्या. डीव्हीचं एक तासाचं शूटिंग सुमारे 13 जीबी जागा खाई. चाळीस जीबीच्या डिस्कवर तीन तास बसले की संपलं. त्यातून आमच्या विंडोज 98 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या वर जात नसे, म्हणजे अठरा मिनिटांनी तुकडा. तो तुकडा मंगलाष्टकांच्या मधोमध पडू नये म्हणून मी घड्याळ लावून कॅप्चर करत बसायची.

गावातले दहा-बारा मिक्सिंगवाले जयस्तंभ चौकाजवळच्या एका दुकानात जमत. कोणी पिनॅकल स्टुडिओवर, कोणी युलीडवर, काही जण नव्याने आलेल्या कॅनोपसच्या एडियसवर. घरी हौसेने करणारे विंडोजसोबत फुकट मिळणाऱ्या मूव्ही मेकरवर. नवी आवृत्ती येणार म्हटलं की आमच्या गप्पा रंगायच्या. पिनॅकल स्टुडिओत सुरुवातीला व्हिडिओची एकच पट्टी होती; वधूच्या चेहऱ्यावर सप्तपदीचं चित्र चढवायला दुसरी हवी होती. ती पुढे ‘प्लस’ आवृत्तीत आली, तेव्हा दुकानात पेढे वाटले गेले होते. बाकीच्या मागण्याही ठरलेल्याच. रात्रभर रेंडर लावलं तर सकाळी पूर्ण झालेलं सापडावं. हँग झालं तर निदान काम वाचावं. जुन्या आवृत्तीतला प्रोजेक्ट नवीत उघडावा. नवे इफेक्ट कोणी मागत नव्हतं. पान उलटणं, बदामाच्या आकारात चेहरा येणं, हे भरपूर होतं. कंपन्या मात्र जाहिरातीत इफेक्टांचेच आकडे द्यायच्या.

आणि माझी मागणी नावांची होती. आधी आम्ही जुन्या पद्धतीच्या देवनागरी फॉन्टांवर नावं टाइप करायचो. त्यांत अक्षराच्या मागे खरं तर रोमन अक्षर असे. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला, की नावाच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरं उमटायची. टाइप करून देणारा हिंदी भाषक असला तर ‘ळ’ त्याच्या हाताला सापडत नसे. ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘मुळे’चे ‘मुले’ झालेले मी स्वतः दुरुस्त केले आहेत.

मग युनिकोड आलं. विंडोज एक्सपीवर नोटपॅडमध्ये मी ‘चि. सौ. कां.’ टाइप केलं आणि अक्षर न् अक्षर बरोबर दिसलं. तेच कॉपी करून मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, तर वेलांटी ‘च’च्या मागे जाऊन उभी राहिली. जोडाक्षरं सुटली, ‘लक्ष्मी’चे पाय मोडून सुटी अक्षरं झाली. हे का होतं, ते पुढे एका जाणकाराने समजावलं. आपण ‘चि’ बोलताना आधी ‘च’ आणि मग ‘इ’ म्हणतो. युनिकोडमध्येही अक्षरं त्याच क्रमाने साठवतात. लिहिताना मात्र वेलांटी आधी येते. ती उचलून पुढे आणून ठेवायचं काम अक्षरं मांडणारा प्रोग्राम करतो. विंडोजकडे तो होता. आमच्या त्या सॉफ्टवेअरने स्वतःची वेगळी मांडणी केली होती, आणि तिला ही गोष्ट माहीतच नव्हती.

एका लग्नाची डीव्हीडी मी घाईत तशीच पाठवली. नवरीची आजी चष्मा लावून टीव्हीसमोर बसली होती. तिने मला एवढंच विचारलं, “बाई, माझ्या नातीचं नाव असं का गं लिहिलंस?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक पट्टी फोटोशॉपमध्ये तयार करून चित्र म्हणून टाइमलाइनवर चढवली. एका लग्नाला वीस-पंचवीस चित्रं. स्पेलिंग बदललं की चित्र पुन्हा. सासूबाईंच्या कार्डशीटला दहा मिनिटं लागायची. मला अख्खी दुपार जायची.

पुढच्या दोन आवृत्त्यांच्या वेळी मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, सोबत दोन चित्रं जोडली: नोटपॅडमधला ‘चि’ आणि त्यांचा ‘चि’. उत्तर आलं नाही. माझ्यासारखी पत्रं बंगालीतून, तमिळमधून, अरबीतून किती गेली असतील ते मी सांगू शकत नाही. पण हार्फबझसारखं, कोणालाही फुकट वापरता येणारं अक्षरमांडणीचं काम उभं राहिलं. अँड्रॉइड फोन तेच वापरतात. एक दिवस भाचीने मोबाइलवर बारशाचा व्हिडिओ जुळवला आणि त्यावर बोटाने ‘चि.’ टाइप केलं. वेलांटी आपल्या जागी होती. मी तिला फोन माझ्या हातात द्यायला सांगितलं आणि ते अक्षर बराच वेळ बघत राहिले.

आज मिक्सिंगची खोली बंद आहे. फुनाई या जपानी कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा तो जमाना खऱ्या अर्थाने संपला. सासूबाईंची काही कार्डं मी जपून ठेवली आहेत. अजूनही काही सॉफ्टवेअरांत आपल्या लिपीसाठी सेटिंगमध्ये जाऊन वेगळा पर्याय निवडावा लागतो, आणि तो न सापडल्याने कितीतरी घरांत लोक नावं रोमनमध्ये लिहून मोकळे होतात.

तसं करू नका. नवी आवृत्ती हाती आली की इफेक्ट बघण्याआधी घरातल्या सगळ्यांची नावं मराठीत टाइप करून बघा. वेलांटी हलली, जोडाक्षर सुटलं, ‘ळ’ गळाला, तर त्याचं चित्र काढा आणि बनवणाऱ्यांना पाठवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा.