म्युनिकमधला वीकेंड : दुकानं बंद, पण अख्खा बव्हेरिया मोकळा

शनिवारी रात्री आठला म्युनिकमधल्या सुपरमार्केटची दारं बंद होतात, ती थेट सोमवारी सकाळी उघडतात. रविवारची सुटी तिथे कायद्याने पाळली जाते. दूध, भाजी, कपडे, मोबाईलचा चार्जर, सगळ्यालाच सुटी. पुण्या-मुंबईहून शिकायला किंवा नोकरीला गेलेले बरेच जण पहिल्याच आठवड्यात यात अडकतात आणि रविवारी मॅगीवर दिवस काढतात. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्टेशन म्हणजे हाउप्टबानहोफ आणि पूर्वेकडचं ओस्टबानहोफ इथली काही दुकानं उघडी असतात, काही बेकऱ्याही सकाळी थोडा वेळ चालू असतात. सार्वजनिक सुटीलाही हाच नियम. सुटी सोमवारी आली, तर शनिवारी दोन दिवसांचं सामान भरून ठेवावं लागतं.

खुद्द म्युनिककर रविवारी खरेदीचा विचारच करत नाहीत. ते संग्रहालयात जातात, नदीकाठी बसतात, नाहीतर सकाळची गाडी पकडून डोंगराकडे निघतात. शहर त्यांच्यासारखं पाहिलं तर खर्चही निम्म्यावर येतो.

शहरात काय करावं?

मारियनप्लाट्झ या मुख्य चौकातल्या नव्या टाउन हॉलचं बाहुल्यांचं घड्याळ सकाळी 11 आणि दुपारी 12 वाजता नाचतं, मार्च ते ऑक्टोबर संध्याकाळी 5 वाजताही. एकदा बघायला हरकत नाही. त्यापेक्षा समोरच्या सेंट पीटर चर्चच्या तीनशेहून जास्त पायऱ्या चढलेल्या बऱ्या. आल्प्सकडून कोरडा, उबदार वारा सुटतो त्या दिवशी बर्फाचे डोंगर अगदी शहराला टेकल्यासारखे दिसतात. या वाऱ्याला तिथे 'फ्योन' म्हणतात. हेच दृश्य फुकट हवं असेल, तर 1972च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या पार्कमधली टेकडी गाठावी. ही टेकडी दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारतींच्या राडारोड्यावर उभी आहे.

रविवारी आल्टे पिनाकोथेक, पिनाकोथेक डेर मोडेर्न आणि ब्रांडहोर्स्ट या सरकारी संग्रहालयांचं तिकीट फक्त 1 युरो असतं.

जेवणाचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे बिअर गार्डन, आणि तो बिअर न पिणाऱ्यांनाही उपयोगी आहे. बव्हेरियात जुनी पद्धत आहे की बिअर गार्डनमध्ये पेय तिथलंच घ्यायचं, पण खाणं घरून आणलं तरी चालतं. याची सुरुवात 19व्या शतकातली. दारू गाळणाऱ्यांना आपल्या तळघरांबाहेर बिअर विकायची परवानगी मिळाली, पण खानावळवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून जेवण विकायला मनाई झाली. मग लोक डबे घेऊन येऊ लागले. आजही लोक टेबलावर चीज, मुळा, ब्रेड मांडून बसतात. तिथे थालीपीठ आणि चटणीचा डबा उघडला तर कुणी हटकत नाही. फक्त टेबलक्लॉथ घातलेलं टेबल टाळावं, तिथे वेटर येतो आणि बाहेरचं खाणं चालत नाही. दारू नको असेल तर सफरचंदाचा रस आणि सोडा म्हणजे 'आप्फेलशोर्ले' मागावं.

तिकिटाची गोम

म्युनिकच्या मेट्रोला आणि लोकलला (ऊ-बान आणि एस-बान) गेट नसतं. कुणीही सरळ फलाटावर जाऊ शकतं, आणि त्यामुळेच फसगत होते. मशीनमधून घेतलेलं काही कागदी तिकीट फलाटाआधीच्या निळ्या पेटीत घालून शिक्का मारल्याशिवाय वैध होत नाही. खिशात तिकीट आहे, पण शिक्का नाही, तर तपासनीसाच्या दृष्टीने प्रवासी विनातिकीट. दंड 60 युरो. तपासनीस बहुधा साध्या कपड्यात असतात आणि 'नवीन आहे, माहीत नव्हतं' हे कारण त्यांनी रोज ऐकलेलं असतं. मोबाईलवरच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते गाडीत चढण्याआधी काढलेलं असावं लागतं.

शहराबाहेर जाताना दोन तिकिटं कामाची. पहिलं बायर्न तिकीट. हे एका दिवसाचं असतं, एकापासून पाच जणांपर्यंत एकत्र घेता येतं आणि माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा वाटा कमी होतो. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी 9 नंतरच. म्हणून लांबची सहल वीकेंडलाच ठेवावी. दुसरं डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास. मे 2023 मध्ये तो 49 युरोंना सुरू झाला, जानेवारी 2026 पासून 63 युरोंना आहे. तो घेताना एक गोष्ट विसरली जाते. हा पास आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतो. बंद करायचा असेल तर चालू महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं, नाहीतर आणखी एका महिन्याचे पैसे जातात.

दोन्ही तिकिटं फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतात. त्याच फलाटावर, त्याच दिशेने जाणारी पांढरी आयसीई आली म्हणून चढलं, की पुन्हा दंड.

शनिवार-रविवारी एस-बानचा मधला बोगदा कामासाठी बंद ठेवण्याचे प्रकार बऱ्याचदा होतात. शहराच्या मध्यातून जाणाऱ्या जवळपास सगळ्या एस-बान गाड्या याच एका बोगद्यातून धावतात, त्यामुळे निघण्याआधी ॲप पाहावं आणि शक्य असेल तिथे ऊ-बान धरावी.

एका दिवसात कुठे?

पहिलं नाव नॉयश्वानस्टाइनचं. राजा दुसरा लुडविग याने 1869 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. आत जायच्या तिकिटावर ठरावीक वेळ असते आणि ती चुकली की प्रवेश नाही. इथे हिशोब चुकतो. म्युनिक ते फ्युसेन गाडीला साधारण दोन तास, तिथून बस, मग पायथ्यापासून पाऊण तासाची चढण. सकाळी आठच्या सुमारास निघणाऱ्याने दुपारी बाराच्या आधीची वेळ घेऊ नये. गर्दी नको असेल, तर त्याच राजाचा, व्हर्सायवरून बेतलेला हेरेनकीमझेचा राजवाडा चांगला. प्रीनपर्यंत रेल्वे, मग बोटीने बेटावर.

प्रीनवरून पुढे जाणारी गाडी साल्झबुर्गला पोहोचते. हे मोझार्टचं जन्मगाव ऑस्ट्रियात आहे, पण बायर्न तिकीट आणि डॉइचलँड तिकीट दोन्ही तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतात. वेगळा व्हिसा लागत नाही, पण मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा राहण्याचा परवाना जवळ हवाच. ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने 2015 पासून तपासणी सुरू ठेवली आहे आणि परतीच्या गाडीत पोलीस चढून कागद मागू शकतात. मोबाईलमधला फोटो पुरत नाही.

आउग्सबुर्ग तर पाऊण तासावर. तिथे 1521 मध्ये स्थापन झालेली फुगेराय नावाची गरिबांसाठीची वस्ती आजही नांदती आहे आणि रहिवाशांचं वर्षाचं भाडं 88 सेंट आहे. रात्री दहाला दार बंद होतं, उशिरा येणाऱ्याला पहारेकऱ्याला पैसे द्यावे लागतात.

डाखाउला मात्र सहल म्हणून जाऊ नये. नाझींनी मार्च 1933 मध्ये सुरू केलेली ही छळछावणी आता स्मारक आहे आणि प्रवेश मोफत आहे. एस-2 ने डाखाउ, मग 726 क्रमांकाची बस. शहरापुरतं झोन एमचं तिकीट इथे पुरत नाही. ब्रिटिशांसाठी पॅरिसमधून गुप्त संदेश पाठवणाऱ्या नूर इनायत खान यांना सप्टेंबर 1944 मध्ये इथेच गोळी घालण्यात आली. त्यांचे वडील इनायत खान बडोद्याचे, सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने संगीतशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे नातू. या स्मारकासाठी किमान तीन तास ठेवावेत आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये.