खाडीतील सहलीसाठी बोट : भाड्यात काय धरले जाते?

प्रतिनिधी, नवी मुंबई

ठाणे आणि पनवेल या दोन खाड्यांच्या कुशीत वसलेल्या नवी मुंबईत पावसाळा सरला की जलसहलींचे बेत आखले जाऊ लागतात. कुणाला रोहित पक्षी पाहायचे असतात, कुणाला घारापुरीची लेणी, तर कुणाला वाढदिवस पाण्यावर साजरा करायचा असतो. पहिला प्रश्न एकच, 'किती पडतील?' एका आकड्यात त्याचे उत्तर मिळत नाही. हा आकडा कसा बनतो हे ठाऊक असले, तर महागड्या बोटीपासून आणि त्याहूनही धोकादायक अशा स्वस्त बोटीपासून बचाव होऊ शकतो.

माणशी तिकीट की संपूर्ण बोट?

बोटीचे दर दोन प्रकारचे असतात. पहिला माणशी तिकिटाचा. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून आहे. तेथून निघणाऱ्या रोहित दर्शनाच्या फेऱ्या याच प्रकारातल्या. फेरी होते ते ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र १,६९० हेक्टर असून २०२२ मध्ये त्याला 'रामसर' दर्जा मिळाला.

वेगाची किंमत किती, हे बेलापूरने पाहिले आहे. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथून भाऊच्या धक्क्याकडे वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हा कॅटामरानचे तिकीट २९० रुपये होते. स्पीडबोटीचे त्याच्या अडीच पटीहून अधिक. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेलापूर-गेटवे फेरीसाठी खालच्या मजल्याला २५० आणि वरच्या मजल्याला ३५० रुपये आकारण्यात आले.

दुसरा प्रकार संपूर्ण बोट तासाच्या बोलीने घेण्याचा. येथे सहा जण बसोत वा दहा, भाडे तेच राहते.

इंधनाचे गणित

भाड्याचा मोठा वाटा इंधनाचा. शंभर अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण ३८ लिटर पेट्रोल पिते. लिटरला १०५ रुपये धरले, तरी तासाचे चार हजार रुपये नुसते जळतात. तेवढ्याच शक्तीच्या डिझेल इंजिनाला सुमारे निम्मेच इंधन लागते. संथ डिझेल बोट स्वस्त पडण्याचे हे मुख्य कारण. बोट दुसऱ्या जेटीवरून मागवली, तर रिकाम्या फेरीचे इंधनही ग्राहकाच्याच माथी येते.

यात तांडेल व खलाशांचा पगार, जेटीचे शुल्क, विमा आणि देखभाल मिळवावी लागते. पावसाळ्यात जलसहली जवळपास थांबतात. मात्र बोटीचा खर्च बारमाही असतो. उरलेल्या महिन्यांनी तो भरून काढायचा असतो. शिवाय पर्यटनासाठी नसलेल्या सार्वजनिक जलवाहतुकीला जीएसटीतून सूट आहे. सहलीच्या बोटीला ती मिळत नाही. सांगितलेल्या दरात कर धरला आहे का, हे म्हणूनच विचारावे.

भरती पाहून वेळ ठरवा

खाडीतल्या घड्याळाचे काटे भरती-ओहोटी फिरवते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि अनेक ठिकाणी बोट लागू शकत नाही. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. भरती न पाहता बोट ठरवली, तर ताटकळण्याचे भाडेही मोजावे लागू शकते.

माणसे वाढवून स्वस्ताई नको

संपूर्ण बोट घेतल्यावर एक मोह हमखास होतो. आणखी चार माणसे घेतली की माणशी खर्च उतरतो. तासाच्या चार हजारांच्या इंधनाचे आठ जणांत पाचशे पडतात, सोळा जणांत अडीचशे. पण परवाना आठांचा असेल, तर ती बचत जिवावर बेतू शकते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. धडक नौदलाच्या बोटीची होती हे खरेच. परंतु ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या 'नीलकमल'वर शंभराहून अधिक जण होते, हेही उघड झाले. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले. बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाची पात्रता यांची तरतूद अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ मध्ये आहे. या सर्वांना खर्च येतो. दर फारच कमी असेल, तर यातले नेमके काय गाळले आहे, याची शंका घ्यावी.

पैसे देण्यापूर्वी हे विचारा

* प्रवासी संख्या किती मंजूर आहे आणि तपासणीचा दाखला चालू आहे का?
* प्रत्येकासाठी, मुलांच्या मापासह, लाइफ जॅकेट आहे का?
* भाड्यात इंधन, कर, जेटी शुल्क आणि थांबण्याचा वेळ धरला आहे का?
* वेळ कुठून मोजली जाते, जेटी सोडल्यापासून की बोट मागवल्यापासून?
* हवा बिघडून फेरी रद्द झाली, तर पैसे परत मिळतात का?

उत्तरे लेखी घ्यावीत आणि बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वी माणसे मोजावीत. मंजूर संख्येपेक्षा एक जरी जास्त भरला, तर त्याच्यासाठी दुसरी फेरी करावी. खर्च वाढेल, पण तो सहलीच्या हिशेबातच धरलेला बरा.